‘आता येशूच तुझा नवरा’

वाचक बहिणीचं पत्र (थोडं आवरून):

काकू, जय ख्रिस्त.

मी 36 वर्षांची आहे. मालक जाऊन सहा वर्षं झाली. तीन एकर संत्र्याची बाग, सासू आणि नववीतला मुलगा, एवढं माझं घर. मंडळीतल्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला मी एकही खाडा करत नाही.

वावरातली लाइन आठवड्याआड रात्रीची असते. मोटर लावून मी धुऱ्यावर बसते आणि प्रार्थना करते. कधी कधी देवाची अशी ओढ लागते की रडू कोसळतं. वाटतं, आत्ता इथं यावं आणि मला जवळ घ्यावं. मग कळत नाही, हे मी देवाला म्हणतेय की आणखी कुणाला. घरी येऊन पडले की अंग जागं होतं. मला फार लाज वाटते. पाळकीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “हा सैतानाचा हल्ला आहे. आता येशूच तुझा नवरा. तीन दिवस काही न खाता उपास धर.” धरला. तिसऱ्या रात्री जास्तच झालं.

शेजारच्या गावच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. त्यांची बायको वारली. संत्र्याची गाडी चालवतात, प्रार्थनासभेत ढोलक वाजवतात. रोज पहाटे मोबाइलवर बायबलचं एक वचन पाठवतात. मी दोनदा त्यांचा नंबर काढून टाकला. वचन यायचं ते आलंच.

नवरा नाही म्हणून मी देवाला धरून बसलेय का? माझी देवाची ओढ खोटी आहे का? ही इच्छा मरावी म्हणून कोणती प्रार्थना करू?

एक बहीण, अमरावती जिल्हा

---

बाई, तुला तू म्हणते. माझी सगळ्यात धाकटी बहीणसुद्धा तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा चालेल.

तुझ्या दुसऱ्या पानावर एक ओळ लिहून खोडलेली आहे. निळ्या पेनाने, तीन-चारदा गिरवून. मी म्हातारी चिवट. पान खिडकीशी धरलं आणि वाचली. ती इथं छापत नाही, घाबरू नको. पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. ती ओळ लिहिणाऱ्या बाईवर सैतानाने हल्लाबिल्ला काही केलेला नाही. तिला तिच्या माणसाची आठवण येते.

आता माझं सांगते. मीही पाळकीणबाईच होते. एकतीस वर्षं. विदर्भातल्या चार गावांत आमच्या बदल्या झाल्या. त्यातल्या एका गावात एक तरुण मुलगी, पंचविशीची असेल, नवरा साप चावून गेलेला, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तू जे विचारलंस तेच तिने विचारलं, फक्त तुझ्याइतकं नीट तिला मांडता आलं नाही. मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता म्हटलं, “अगं, आता येशूच तुझा नवरा.” माझ्या तोंडाला ते वाक्य इतकं सवयीचं होतं की लाटणंसुद्धा थांबलं नाही. ती “हो बाई” म्हणाली, पाणी प्यायली आणि गेली. पुढं दोन-तीन महिन्यांनी ती उपासनेला यायची थांबली. मी भेटायला गेले तेव्हा ती दारातूनच बोलली. आत ये म्हणाली नाही.

म्हणून तुझ्या पाळकीणबाईंवर मी रागावत नाही. त्यांनी तुला जे दिलं तेच त्यांनाही कुणीतरी दिलं असणार. पण ते वाक्य आलं कुठून, हे बघायला हवं.

यशयाच्या 54व्या अध्यायात ते आहे. तुझा निर्माणकर्ता हाच तुझा पती, असं देव म्हणतो. कुणाला म्हणतो? यरुशलेमेला. गाव उद्ध्वस्त झालेलं, माणसं बाबेलला धरून नेलेली, आणि त्या ओसाड नगरीला टाकलेल्या बाईची उपमा देऊन देव म्हणतो की मी तुला टाकलेलं नाही. हा एका हरलेल्या लोकांना दिलेला धीर आहे. एका माणसाच्या विधवेनं उरलेलं आयुष्य कसं काढावं याचा नियम त्यात कुठंच नाही. नियमच हवा असेल तर तो पौलाने वेगळा दिलाय, आणि तो वाचला की गंमत वाटते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीने सांभाळायच्या विधवांची यादी कशी करावी ते आहे. वयाची अट घातलीय: साठीच्या आतल्या बाईचं नाव त्या यादीत घालायचं नाही. आणि तरुण विधवांनी काय करावं? लग्न करावं, घर चालवावं. चार ओळी खाली स्पष्ट लिहिलंय. करिंथकरांच्या पत्रात तोच पौल म्हणतो की नवरा वारला की बाई मोकळी आहे, मनाला येईल त्याच्याशी लग्न करायला मोकळी, फक्त प्रभूमध्ये. एकटं राहणं हे त्याला स्वतःला आवडायचं, ते तो लपवत नाही, पण त्याला तो कृपादान म्हणतो. दान म्हणजे ज्याला मिळालं त्याला मिळालं. कुणाच्या गळ्यात बांधायची ती वस्तू नाही.

तू 36ची आहेस. पौलाच्या हिशेबाने अजून 24 वर्षं शिल्लक आहेत.

मग आपल्या मंडळ्यांत इच्छेची एवढी भीती का? मला वाटतं, त्यात आपला इतिहासही आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच मंडळ्या पवित्रीकरणावर, म्हणजे विश्वासणाऱ्याचं मन पूर्ण शुद्ध होण्यावर, भर देणाऱ्या मिशनांनी उभ्या केल्या. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन, अमरावती-अकोल्याकडे अलायन्स. त्या लोकांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, आमच्या आज्यांना अक्षर शिकवलं. ते उपकार मी विसरत नाही. पण त्यांची शिकवण खेड्यापर्यंत पोचेपोचेपर्यंत तिची एक बारकी, कडक गोळी झाली: आत्म्याने भरलेल्या माणसाला इच्छाच होत नाही. झाली, तर भरलेला नाही. या शिकवणीचं मूळ जॉन वेस्ली या इंग्रज उपदेशकापर्यंत जातं, अठराव्या शतकात, आणि त्याने असं म्हटलेलं नाही. पूर्णता म्हणजे प्रीतीने भरलेलं मन, असं तो म्हणायचा. मोह होणं, थकणं, चुकणं हे माणसाला शेवटपर्यंत राहतं, हेही त्याने स्पष्ट लिहून ठेवलंय.

आणि त्याच्याही आधीचा धर्मगुरू ऑगस्टिन. सन 354 चा जन्म. देवाला म्हणतो, तुझ्यात विसावा मिळेपर्यंत आमचं हृदय अस्वस्थ आहे. प्रत्येक कन्व्हेन्शनमध्ये कुणी ना कुणी हे वाक्य सांगतंच, आणि ते आहेच सुंदर. पण त्या माणसाने एका बाईबरोबर बारा-पंधरा वर्षं संसार केला, तिच्यापासून त्याला मुलगा झाला, मग चांगलं स्थळ आलं म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवून दिलं. माझ्या काळजाला जखम झाली असं लिहितो. तिचं नाव मात्र लिहीत नाही. ती जाताना शपथ घेऊन गेली की दुसरा पुरुष करणार नाही. ह्याला तेवढाही दम निघाला नाही, स्थळातली मुलगी वयात येईपर्यंत मध्ये तिसरीच ठेवली. इच्छेविषयी आपल्याला शिकवलेलं बरंचसं या माणसाच्या पश्चात्तापातून आलंय. मला तो मोठा वाटतो, पण इच्छेबद्दल त्या बिननावाच्या बाईलाही कुणी विचारायला हवं होतं, असं दरवेळी वाटतं.

एक शब्द तुला दाखवते. आमच्या पाळकसाहेबांना ग्रीक थोडंफार येत होतं, त्यांनी मला दाखवलेला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की जो एखाद्या स्त्रीकडे कामेच्छेने पाहतो त्याने मनात व्यभिचार केलाच. तिथं मूळ ग्रीकमध्ये ‘एपिथुमिया’ या शब्दाचं क्रियापद आहे. आता लूकचा 22वा अध्याय काढ, शेवटचं भोजन. येशू शिष्यांना म्हणतो, हे वल्हांडणाचं जेवण तुमच्याबरोबर करावं अशी मला किती इच्छा होती. तिथंही तोच शब्द. एकदा नव्हे, जोर द्यायला दोनदा, इच्छेने इच्छिलं असा. आपल्या मराठीत एकीकडे ‘कामेच्छा’ आली आणि दुसरीकडे वेगळा सोवळा शब्द, म्हणून आपल्याला वाटतं की ही दोन वेगळ्या रक्ताची मुलं आहेत. मुळात एकच. येशूच्याही मनात होती. एका ठिकाणी ती समोरच्याला ओरबाडून घेते, दुसऱ्या ठिकाणी ती समोरच्यासाठी ताट मांडते. तेव्हा इच्छा मरावी म्हणून कोणती प्रार्थना करू, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तशी प्रार्थना मला माहीत नाही. ती मेली तर मोटर लावून धुऱ्यावर बसलेली तूही उरणार नाहीस, रडू येणार ते कुणाला?

आता तुझा खरा प्रश्न. मी हे देवाला म्हणतेय की आणखी कुणाला?

हा गोंधळ तुझा एकटीचा नाही, आणि कच्च्या माणसांचा तर मुळीच नाही. बायबलमध्ये ‘गीतरत्न’ आहे. आठ अध्याय. पहिल्याच ओळीनंतर चुंबन येतं. आपल्याकडे त्यावर उपदेश होत नाही, फार तर लग्नात एखादी ओळ वाचतात आणि पुढच्या बाकावरच्या बाया पदर तोंडाशी धरतात. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार्ड नावाचा मठवासी होता, आयुष्यभर ब्रह्मचारी, आणि ऐकणारेही सगळे ब्रह्मचारी. तो या पुस्तकावर प्रवचनं करायला बसला. 1153 साली वारला तोवर 86 प्रवचनं झाली होती आणि गडी जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या दारात पोचला होता. त्या चुंबनावरच तो कितीतरी दिवस रेंगाळला. देवाची ओढ सांगायला त्याला याहून जवळची भाषा सापडली नाही.

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? तुझ्याच जिल्ह्यात, चांदूर बाजारकडे, माधानचे गुलाबराव महाराज होऊन गेले. तान्हेपणीच डोळे गेलेले. 1881 चा जन्म, वयाच्या 34व्या वर्षी गेले. स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी आणि कृष्णाची पत्नी मानायचे, कुंकू लावायचे, मंगळसूत्र घालायचे. आपला मार्ग वेगळा आहे, मी त्यांच्या तत्त्वज्ञानात शिरत नाही, तेवढी माझी पोच नाही. पण लहानपणी शेजारच्या आजीकडून त्यांचं ऐकलं तेव्हा मला ते विचित्र वाटलं नव्हतं. ज्याची ओढ आहे त्याच्याशी नातं लावायचं तर माणूस माहीत असलेल्या नात्यातलं सगळ्यात घट्ट नातं उचलतो.

म्हणजे देवाची ओढ आणि माणसाची ओढ एकाच दोरानं वर येतात. विहिरीत बादली एकच सोडतो ना आपण? पण म्हणून दोन्ही एक आहेत का? इथं मला पुस्तकातलं सांगता येणार नाही, अंगावरचं सांगते.

लग्नाच्या एकतीस वर्षांत मला काही कमी नव्हतं. शेजारी आपला माणूस घोरतोय, पोरं झोपलीत, डब्यात पीठ आहे. तरी रात्री तीनला जाग यायची आणि छातीत काहीतरी ओढायचं, कुठंतरी जायचंय आणि गाडी सुटतेय तसं. पाळकसाहेबांना उठवून सांगितलं तर म्हणायचे, “प्रार्थना कर,” आणि कूस बदलायचे. ती ओढ नवरा असूनही होती, नवऱ्याने भागली नाही. मग ते गेले. हार्ट अटॅक, दवाखान्यात पोचण्याआधीच. तू म्हणतेस तसं असतं, देव म्हणजे नवऱ्याच्या जागी बसवलेली मूठभर समजूत असती, तर माझी प्रार्थना त्या वर्षी दुप्पट व्हायला हवी होती. उलट ती आटली. वर्षभर मी बायबल उघडायची आणि अक्षरं नुसती बघायची. मला त्या दिवसांत देव नको होता, हे लिहायला आज 67व्या वर्षीसुद्धा हात अडतो. मला त्यांचा घोरण्याचा आवाज हवा होता.

त्यावरून मी एवढं शिकले, की तहाना दोन आहेत, दोन्ही खऱ्या आहेत. एकीचं पाणी दुसरीला चालत नाही. नवरा मिळाला म्हणून धुऱ्यावरचं तुझं रडू थांबणार नाही, आणि कितीही उपास-प्रार्थना केल्या तरी पाठीवरून हात फिरवणारं माणूस त्यातून मिळणार नाही. तू देवाला नवऱ्याची जागा भरायला सांगितलंस तर तो ती भरणार नाही, आणि तू त्याच्यावर रुसशील. उद्या त्या ढोलकवाल्या गृहस्थाला देवाची जागा भरायला सांगितलंस तर तो बिचारा वर्षभरात थकून जाईल.

शोमरोनी बाईची गोष्ट आपण सगळ्यांनी शब्बाथ शाळेत ऐकलीय. भर दुपारी विहिरीवर येते, पाच नवरे होऊन गेलेले. उपदेशात ती गोष्ट नेहमी जिवंत पाण्यावर जाऊन संपते. सुरुवात मात्र कुणी सांगत नाही. येशू चालून चालून थकलेला, घसा कोरडा, आणि त्याचं पहिलं वाक्य आहे: मला प्यायला दे. साधं, विहिरीतलं, दोरानं ओढून काढायचं पाणी. त्याने तिला असं म्हटलं नाही की आता तुला या विहिरीची गरज नाही. ती घागर तिथंच टाकून गावात पळाली, असं योहान लिहितो, आणि सगळे पाळक त्यावर भरभरून बोलतात. मी बाई असल्यामुळे माझ्या डोक्यात येतं, की संध्याकाळी कुणीतरी जाऊन ती घागर भरून आणलीच असेल. घरात पाणी लागतंच.

आता उपासाचं. तीन दिवस उपाशी राहिलीस आणि तिसऱ्या रात्री जास्त झालं, याचं तुला आश्चर्य वाटलं. मला तुझ्या आश्चर्याचं आश्चर्य वाटलं. बागायतदार बाई ना तू? आंबिया बहार धरायला डिसेंबरात काय करतेस? पाणी तोडतेस. हलकी जमीन असली तर महिनाभर, काळी भारी असली तर दोन महिन्यांपर्यंत. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. मग ताण तोडायला पाणी दिलं की पंधरा-वीस दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं, सगळ्या वावरात वास सुटतो. ताणाने झाडाची फुलायची इच्छा मरत नाही, तीच तर जागी होते. तेच तुझं झालं. उपासाने भूक मरते असं कुणी सांगितलं? तो भूक दाखवायलाच असतो.

आणि ताण कुठवर द्यायचा हे पान बघून ठरवायचं असतं, हे तुला मी सांगायला नको. जास्त ताणलं तर फांद्या वाळतात. ताण तोडतानाही पहिलं पाणी हलकं द्यायचं, एकदम पाट सोडला तर आलेला फुलोरा झडतो. सहा वर्षं झाली, बाई. झाड असतं तर तूच म्हणाली असतीस, काहून इतकं ताणलं? झाडाला बिचाऱ्याला बोलता येत नाही, त्याचं पाणी दुसरा कुणी तोडतो. तुझं तसं नाही. लग्न करायचं की नाही, हे तू ठरवायचं. मी तुला लग्न कर असं सांगत नाहीये. एकटीनं राहण्यात तुला खरंच मोकळं वाटत असेल तर तसं राहा, त्यातही लाज नाही. फक्त भीतीपोटी राहू नको आणि भीतीपोटी लग्नही करू नको.

तर आता ते गृहस्थ. रोज पहाटे वचन येतं. ते वचनच असतं, मी नाकारत नाही, पण फक्त वचन नसतं, हे तुलाही कळतं, त्यांनाही कळतं. बायबलच्या आड उभं राहून एकमेकांकडे बघणं थांबवा दोघांनी. इथं तुला रूथच्या पुस्तकाची मदत होईल. चारच अध्याय आहेत, आज रात्री वाचून होतील. रूथ विधवा, घरात सासू, आणि कापणीचे दिवस. सासूच तिला सांगते: न्हाऊन घे, तेल लाव, चांगलं नेस आणि खळ्यावर जा. शेताचा मालक बवाज जेवून, राशीच्या कडेला झोपलेला असतो. ही जाऊन त्याच्या पायांशी निजते आणि मध्यरात्री तो दचकून उठल्यावर सरळ म्हणते, तुझं पांघरूण माझ्यावर घाल. तुझ्या पत्रातल्या कुठल्याही ओळीपेक्षा हे धीट आहे. आणि तिचं नाव मत्तयाने येशूच्या वंशावळीत, पहिल्याच पानावर घातलंय.

पण मला त्यात जास्त आवडतं ते पुढचं. रात्रीचं बोलणं बवाज रात्रीपुरतं ठेवत नाही. सकाळी उठून वेशीत जातो, गावचे दहा वडील बसवतो आणि सगळ्यांसमोर विषय काढतो. विषय काय निघतो माहितेय? जमिनीचा. जवळचा हक्कदार जमीन घ्यायला तयार होतो, पण त्याबरोबर रूथशी लग्न करावं लागेल म्हटल्यावर मागं सरतो. तीन हजार वर्षांत आपली गावं काही बदलली नाहीत.

म्हणून पहाटेच्या वचनांना उत्तर देण्याआधी तलाठ्याकडे जा. सातबारावर मालकांच्या जागी तुझी आणि मुलाची वारस नोंद झालीय का, ते बघ. फेरफाराची नक्कलही काढ. बाग मालकांच्या स्वतःच्या नावावर होती आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, असं धरून सांगते: ख्रिस्ती माणसाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि मुलाला दोन तृतीयांश. पुन्हा लग्न केलं म्हणून तुझा वाटा जात नाही. चुलत दीर वगैरे काही वेगळं सांगतील, सांगू दे. सासूला मात्र या कायद्यात काही मिळत नाही, कारण मुलाला मूल आहे. तेव्हा तिचं काय, हे तूच आधी ठरव आणि तिला सांग. रूथच्या सासूची, नामीची, जशी सोय झाली तशी तिचीही व्हायला हवी. कागद तालुक्याच्या एखाद्या वकिलाला एकदा दाखवून घे.

मग सासूशी बोल. तू लिहिलंस की “त्या काही विचारत नाहीत.” न विचारणाऱ्या सासवांना बहुतेक वेळा सगळं ठाऊक असतं. रूथ वाचायला तिच्याजवळच बस, हवं तर मोठ्यानं वाच. मुलाला शेवटी सांगू नको, मध्येच कधीतरी सांग. नववीतल्या पोराला गावातल्या दुसऱ्या पोट्ट्याकडून कळलं तर ते फार वाईट होईल.

आणि त्या गृहस्थांना घरी बोलाव, दिवसा, सासू घरात असताना. चहा दे आणि विचार. दारू किती, कर्ज किती, पहिलीचं आजारपण कसं काढलं, मुलं आहेत तर ती काय म्हणतात. ढोलक चांगला वाजवतो म्हणून माणूस चांगला असतोच असं नाही, मी दोन्ही प्रकारचे पाहिलेत. पहिलीविषयी ते कसं बोलतात तेवढं नीट ऐक. सगळं जुळलं तर लग्न मंडळीत, जाहीर सूचना देऊन, 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायचा अधिकार असलेल्या पाळकाकडून लाव. दोघांच्या पहिल्या जोडीदाराचे मृत्यूचे दाखले लागतील, ते शोधून ठेव. नाही जुळलं तर त्यांना तोंडावर सांग की उद्यापासून वचन पाठवू नका. नंबर काढून टाकल्याने ते थांबत नाहीत, हे तू दोनदा पाहिलंच आहेस.

रात्रीचं एवढंच, की अंग जागं झालं तर त्याला शिव्या देत पडू नको. ऊठ, पाणी पी, पाच मिनिटं अंगणात फिर. रात्री दोनला नवस बोलू नको, शपथ घेऊ नको, मेसेज पाठवू नको. रात्री दोनच्या शपथा दिवसा फार जड होतात. आणि धुऱ्यावरची प्रार्थना चालू ठेव, आहे तशी, त्या रडण्यासकट. हे देवाला की आणखी कुणाला, हे त्या वेळी ठरवायची गरज नाही. पत्ता चुकला तरी ऐकणारा तिथं आहे.

तुझ्या पाळकीणबाईंना हे उत्तर दाखवायचं की नाही ते तू बघ. दाखवलंस तर माझ्या पोळ्या लाटण्याचाही भाग वाचायला दे.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की छापलंत तर ओळख पटेल असं काही ठेवू नका. तालुका काढला, गाव काढलं, मुलाचं नाव आणि त्याची शाळा काढली, मालकांचं सगळं काढलं. रात्रीच्या लाइनीला मोटर लावायला जातेस, तेवढं ठेवलंय. तशा बाया आपल्याकडे इतक्या आहेत की त्यावरून तुला कुणी ओळखणार नाही.